पितळी पाटी आणि गोडं पाणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं इंग्लंडमधल्या रेडिंगला राहता, दोघंही नोकरीत, मुलगी दहा वर्षांची. हॅम्पशायरमधल्या एका खाडीकाठच्या, बोटींच्या यार्डात ४२ फुटांची लाकडी मोटर यॉट विकायला आहे. ब्रोकरच्या म्हणण्याप्रमाणे ती १९३६ साली स्कॉटलंडमध्ये रोझनीथला, जेम्स सिल्व्हरच्या यार्डात बांधलेली. व्हीलहाउसच्या, म्हणजे सुकाणूच्या चाकाच्या केबिनच्या, दारावर ‘डंकर्क १९४०’ अशी पितळी पाटी. तीन वर्षं ती जमिनीवर, ताडपत्रीखाली उभी आहे. मागितलेली किंमत ३८,००० पौंड. ब्रोकर म्हणतो, रंगकाम आणि व्हार्निश केलं की झालं. आणि तुम्ही विचारता, “एवढ्या पैशांत धड नवी गाडी येत नाही, इथे तर इतिहास मिळतोय. हा वेडेपणा आहे का?”

आहे. पण साउथॅम्प्टनच्या आसपास लाकडी बोटींचे सर्व्हे, म्हणजे खरेदीआधीची तपासणी, करत मला पंचवीसेक वर्षं झाली, आणि माझं घर या वेडेपणावरच चाललं आहे. तेव्हा मी त्याला नावं ठेवणार नाही आणि ‘घेऊ नका’ असंही म्हणणार नाही. तुम्ही मला अकरा फोटो पाठवलेत. त्यातले चार पितळी पाटीचे, तीन व्हीलहाउसमधल्या सागवानी चाकाचे, दोन सूर्यास्ताचे. तळाचा एकही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या बोटीला दोन इतिहास आहेत. एक १९४० चा, ज्याची किंमत तुमच्याकडून मागितली जाते आहे. दुसरा साधारण २०१० नंतरचा, जो तुमचे पैसे खाणार आहे. ब्रोकर पहिला तोंडपाठ सांगेल. तुम्ही दुसरा मागा. पाटी दाखवली की म्हणायचं, छान आहे, आता गेल्या पंधरा वर्षांची यार्डाची बिलं दाखवा. कोणत्या फळ्या बदलल्या, कीलचे, म्हणजे तळाच्या कण्याचे, बोल्ट शेवटचे कधी काढून पाहिले, ते काम कोणी केलं. अशी जाडजूड फाइल असेल तर पाटी नसलेली बोटही घ्यावी. फाइल नसेल तर पाटी सोन्याची असली तरी मी दोन पावलं मागे सरकेन.

आधी पाटीबद्दल, कारण तुमचा जीव तिथे अडकला आहे आणि तो अडकावा अशीच ती गोष्ट आहे. २६ मे ते ४ जून १९४० या दहा दिवसांत फ्रान्समधल्या डंकर्कहून, जर्मनांनी कोंडीत पकडलेले ३,३८,२२६ सैनिक इंग्लंडला आणले गेले. सगळे छोट्या बोटींतून आले अशी एक गोड समजूत आहे. प्रत्यक्षात २,३९,४४६ जण बंदरातून, मुख्यतः धक्क्याला लागलेल्या मोठ्या जहाजांवर चढले, आणि ९८,७८० जण किनाऱ्यावरून उचलले गेले. तिथला किनारा उथळ, विनाशिका जवळ येऊ शकत नव्हत्या. तिथे या तीस-चाळीस फुटी बोटींचं खरं काम होतं : वाळूपासून मोठ्या जहाजापर्यंत माणसं पोचवायची आणि परत फिरायचं. बहुतेक बोटींवर मालक नव्हते, नौदलाची माणसं होती. मालक स्वतः गेल्याची उदाहरणं आहेत आणि त्यातलं सर्वांत प्रसिद्ध चार्ल्स लायटॉलरचं. टायटॅनिकवरचा हा सेकंड ऑफिसर त्या वेळी ६६ वर्षांचा होता. नौदलाने त्याची ‘सनडाउनर’ मागितली तेव्हा त्याने बजावलं, बोट जाईल ती माझ्याच हातून. ५८ फुटांच्या त्या बोटीत त्याने सुमारे १३० माणसं कोंबून आणली. आणि आपल्याकडे हे कमी सांगितलं जातं, पण डंकर्कच्या त्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी सैन्याच्या खेचरांच्या तुकड्याही होत्या. डिसेंबर १९३९ मध्ये त्या फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरल्या होत्या. खेचरं मागे सोडावी लागली, माणसं परतली, सगळी नाही.

आता तुमच्या बोटीकडे. पितळी पाटी कुठलाही खोदकाम करणारा आठवड्याभरात करून देतो. १४ मे १९४० ला, म्हणजे डंकर्कच्या मोहिमेच्या बारा दिवस आधी, बीबीसीवरून घोषणा झाली होती : ३० ते १०० फूट लांबीच्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या सर्व खासगी बोटींच्या मालकांनी चौदा दिवसांत नौदलाला तपशील कळवावा. ही घोषणा डंकर्कसाठी नव्हती. नौदलाला लहान बोटींची सर्वसाधारण गरज होती, त्यासाठी होती. त्यामुळे ‘मे १९४० मध्ये नौदलाने ताब्यात घेतली’ असा अगदी अस्सल कागद असला तरी बोट डंकर्कला गेलीच असं त्यावरून ठरत नाही. कितीतरी बोटी पूर्ण युद्धभर टेम्सवर गस्त घालत नाही तर बंदरात निरोप पोचवत राहिल्या. तेही काम मोठंच, पण त्याची पाटी कोणी लावत नाही. दुसरा घोळ नावांचा. त्या काळी एकाच नावाच्या अनेक मोटरबोटी होत्या आणि पुढच्या मालकांनी बिनदिक्कत नावं बदलली. यादीत नाव सापडलं म्हणून नाचायचं नाही, ती हीच बोट आहे का ते पाहायचं.

कसं पाहायचं? बोट ब्रिटिश रजिस्टरच्या पहिल्या भागात नोंदलेली असेल तर तिचा अधिकृत क्रमांक मुख्य आडव्या तुळईत कोरलेला असतो. नाव बदललं तरी तो क्रमांक बदलत नाही. टॉर्च घेऊन आधी तो शोधा. (या रजिस्टरमध्ये जहाजाचे ६४ हिस्से असतात आणि मालकी त्या हिश्शांत मोजतात. चौसष्ट कलांशी संबंध नाही, मी शोधून पाहिलं आहे.) त्या क्रमांकावरून जुन्या मालकांची साखळी लागते, आणि बोटीवर कोणाचं कर्ज आहे का तेही कळतं. छोट्या बोटींच्या सोप्या रजिस्टरमधली नोंद मालकीचा पुरावा नसते, ब्रोकर काहीही म्हणो. मग लॉइड्सचं यॉट रजिस्टर. १८७८ पासून १९८० पर्यंत ते निघत होतं आणि त्यात बांधणारा, मापं, इंजिन, मालक, आधीची नावं सगळं असतं. एकेक वर्षाचा खंड उघडून बोटीचा माग काढत जाणं हा हिवाळ्यातल्या रविवारचा उत्तम उद्योग आहे. नौदलाचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आणि डंकर्कच्या छोट्या बोटींची स्वतःची संघटना आहे. १९६५ साली, पंचविसाव्या वर्षी, रेमंड बॅक्स्टर या बीबीसीच्या निवेदकाने अशा बोटी जमवून पुन्हा डंकर्कला नेल्या, त्यातून ती उभी राहिली. तिथे पुरावा लागतो, पाटी पुरत नाही. दर पाच वर्षांनी हा ताफा इंग्लिश खाडी ओलांडून जातो. तुमच्या मुलीला २०३० साली त्यात न्यायचं स्वप्न तुम्ही लिहिलं आहे. मग आजच त्या संघटनेला पत्र टाका आणि बोटीचं नाव, अधिकृत क्रमांक कळवून विचारा. त्याला पैसे पडत नाहीत.

एक गैरसमज मात्र इथेच काढून टाकतो. पुरावा मिळाला, राष्ट्रीय ऐतिहासिक नौकांच्या नोंदवहीत नाव लागलं (३३ फुटांहून लांब, ५० वर्षांहून जुनी आणि बऱ्याच अंशी मूळ स्वरूपात असलेली बोट तिथे जाऊ शकते), तरी त्याने बोटीला जुन्या वास्तूसारखं कायद्याचं संरक्षण मिळत नाही आणि तुमच्या हाती सरकारी चेकही येत नाही. इतिहास सिद्ध झाला म्हणजे खर्चाची जबाबदारी सिद्ध झाली, एवढंच. एक उदाहरण अमेरिकेचं. ‘सिक्वॉया’ ही १९२५ साली बांधलेली १०४ फुटी लाकडी यॉट हूव्हरपासून कार्टरपर्यंतच्या राष्ट्राध्यक्षांच्या दिमतीला होती. कार्टरनी १९७७ मध्ये ती विकून टाकली. पुढे मालकीच्या कोर्टकज्ज्यांत ती व्हर्जिनियातल्या एका यार्डात अपुऱ्या आधारावर पडून राहिली आणि २०१६ साली न्यायालयाने निकाल दिला तेव्हा तिच्यात रॅकून राहायला आलेले होते. जिच्यावर राष्ट्राध्यक्षांनी पाहुण्यांना मेजवान्या दिल्या तिची ही गत. फळी कुजताना आपल्यावर कोण बसून गेलं हे पाहत नाही.

आता लाकूड. इथे मी जरा रेंगाळणार.

माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढायच्या आणि माडाच्या झापांनी शाकारून ठेवायच्या, नारळी पौर्णिमा झाली की परत पाण्यात. वर ओढायच्या ते वादळासाठी, हे मला कळायचं. पण शाकारायच्या कशाला? जी वस्तू जन्मभर पाण्यात राहते तिला पावसाचं कसलं भय? आजोबांना विचारलं तर म्हणाले, “खाऱ्या पाण्यान होडी मरना नाय रे, गोड्या पाण्यान मरता.” पुढे इथे येऊन मी लाकडाच्या बुरशीवर जाड जाड पुस्तकं वाचली आणि परीक्षा दिल्या. त्यात आजोबांच्या वाक्याबाहेरचं फार काही नव्हतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण वीस टक्क्यांहून अधिक ओल लागते, हवा लागते आणि मीठ तिला मानवत नाही. समुद्राच्या पाण्यात पूर्ण बुडालेली फळी म्हणूनच शंभर वर्षं टिकते. कुजतं ते वरून, पावसाच्या पाण्याने, जिथे पाणी शिरतं पण वारा खेळत नाही तिथे.

म्हणून जुनी मोटर यॉट पाहताना लोक बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटात अगदी तळाशी, डोकं घालून वास घेतात तेव्हा मी डेकच्या कडेला गुडघे टेकून बसतो. डेक आणि हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं अंग, जिथे भेटतात ती कडेची फळी, व्हीलहाउसच्या खिडक्यांचे खालचे कोपरे, केबिनची भिंत डेकवर बसते तो सांधा, नाळेचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या उभ्या तुळईचं, वरचं टोक, आणि मागच्या सपाट भागाचे, म्हणजे ट्रान्समचे, दोन्ही कोपरे. व्हार्निशखाली लाकूड काळपट दिसलं म्हणजे तिथे पाणी पोचलं आहे. करडं-पांढरं दिसलं तर व्हार्निश सुटून हवा आत गेली, ते बरं होतं. तुमच्या पाचव्या फोटोत चाकाच्या मागे डाव्या खिडकीच्या खाली हाताच्या पंजाएवढा काळा डाग आहे. सूर्यास्ताच्या उजेडात तो छान दिसतो. मला तो मुळीच आवडलेला नाही.

हे मी शहाणपणाने नव्हे, खिसा रिकामा करून शिकलो. २००३ साली, सर्व्हेचा परवाना हातात असताना, एका मित्राबरोबर मी १९३८ ची एक ३६ फुटी मोटर क्रूझर घेतली. व्हार्निशचे सात-आठ हात, आरशासारखी चमक. मी बोटीचा तळ हातोडीने ठोकून पाहिला, तो ठणठणीत होता. स्वयंपाकघरातल्या सिंकमागचं कपाट मात्र पक्कं बसवलेलं होतं, विकणारा म्हणाला ते उचकटू नका, मूळचं आहे. मी उचकटलं नाही. आपलीच होणारी वस्तू आपण कशाला खराब करा, असा विचार केला. पुढच्या वसंतात ते काढलं तेव्हा त्यामागे डेकच्या तुळया ज्या लांब पट्टीवर टेकतात ती पट्टी आठ फूट लांबीत नुसती तपकिरी भुकटी झालेली होती. ती बदलायची तर डेक उचलावा लागतो, डेक उचलला की तुळयांची टोकं दिसतात, आणि मग एकेक दिसतच जातं. दोन वर्षांनी आम्ही तिची इंजिनं विकून यार्डाचं देणं फेडलं आणि हल करवतीने कापून कचऱ्याच्या कंटेनरमध्ये भरली. तिच्या खिडकीची एक कांस्याची कडी माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून. तेव्हापासून ‘उचकटू नका’ म्हटलेलं कपाट मी पहिलं उचकटतो.

तळाखालची भानगड वेगळी असते, ती लाकडापेक्षा धातूची. अशा बोटीत फळ्या ओकच्या बरगड्यांना तांब्याच्या रिव्हेटनी किंवा कांस्याच्या स्क्रूंनी जोडलेल्या असतील तर देवाचे आभार माना. पितळेचे स्क्रू असतील तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबं उरतं. एक स्क्रू काढून पाहायचा. गुलाबी असून मध्येच मोडला तर बाकीच्या हजारांचंही तेच असणार. कीलचे बोल्ट बहुधा लोखंडाचे, आणि ओकमधलं टॅनिन लोखंडाला खातं, गंजणारं लोखंड ओकला खातं. आपल्या सागाचं तसं नाही, सागाच्या तेलात लोखंड टिकतं. मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडियांनी मलबारी सागात बांधलेली ‘ट्रिंकोमली’ १८१७ साली पाण्यात उतरली, ती इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगते आहे. हॅम्पशायरमधल्या यार्डात ओकला शिव्या घालत बसलो की मला ती हटकून आठवते.

सगळ्यात फसवं नुकसान आधीच्या मालकाच्या काळजीपोटी झालेलं असतं. कोणीतरी मासिकात वाचतो की धातू झिजू नये म्हणून जस्ताचे ॲनोड, म्हणजे स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारे तुकडे, लावावेत. तो उत्साहाने चार लावतो आणि बोटीतला प्रत्येक धातूचा तुकडा तारेने त्यांना जोडतो. धातू वाचतो. पण संरक्षण जास्त झालं की हलमधून आरपार बसवलेल्या कांस्याच्या नळांभोवती अल्कली तयार होते आणि ती लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन विरघळवते. पाच-सात वर्षांत नळाभोवतीची फळी ओल्या पुठ्ठ्यासारखी मऊ होते. वरून नळ नवाकोरा दिसतो, आजूबाजूला पांढरी पूड साठलेली असते आणि मालक ती पुसून टाकतो. लाकडी बोटीत हिरव्या तारांचं जाळं दिसलं की मी आधी समुद्राच्या पाण्याचे नळ बसवलेल्या जागा टोचून पाहतो.

तुमच्या बोटीबद्दल मला खरी काळजी त्या तीन वर्षांची आहे. लोकांना वाटतं, बोट पाण्याबाहेर म्हणजे सुरक्षित. लाकडी बोट पाण्यात सगळीकडून सारखी उचललेली असते. जमिनीवर तिचं सगळं वजन कीलवर आणि चार-सहा टेकूंवर येतं. टेकू नीट नसले की दोन्ही टोकं खाली झुकतात आणि मधला भाग वर राहतो; कण्याचा हा बाक एकदा बसला की जात नाही. पाहायला सोपं आहे. बोटीपासून तीस पावलं दूर, बरोबर बाजूला उभं राहायचं आणि डेकची रेघ डोळ्यांनी ओढायची. ती नाळेकडून मागे एका सलग बाकात उतरली पाहिजे, मध्ये सपाट किंवा फुगीर झाली की संपलं. आत गेलात की केबिनची दारं उघडझाप करा. अडकणारं दार, किंवा अडकू नये म्हणून रंध्याने वरची कड तासलेलं दार, ब्रोकरपेक्षा जास्त खरं बोलतं. शिवाय तीन वर्षांत फळ्या सुकून आकसल्या असणार, पाणी अडवायला सांधीत ठोकलेला कापूस सैल झाला असणार. पाण्यात उतरवल्यावर फळ्या फुगून सांधी मिटतात हे खरं, पण त्या मिटेपर्यंतचे दिवस पंप, वीज आणि एक जागं माणूस लागतं. आणि मधल्या काळात कोणी सांधीत कडक पुट्टी नाही तर इपॉक्सी भरून ‘पक्कं’ केलं असेल, तर फुगणाऱ्या फळ्यांना जागाच उरत नाही आणि त्या बरगड्या मोडतात. तळाच्या वळणावर, जिथे बरगडीचा बाक सगळ्यात तीव्र असतो, तिथे आतून टॉर्चने बघा. आडवी बारीक चीर दिसेल. पाच-सहा असतील तर चालतं, शेजारी नवी बरगडी बसवता येते. ओळीने वीस असतील तर फोन ठेवून द्या.

हलवर बाहेरून फायबरग्लासचं आवरण चढवलेलं असेल तर माझं मत सरळ आहे : घेऊ नका. त्याच्याखाली काय आहे ते मला कळत नाही, विकणाऱ्याला कळत नाही, आणि ते काढून पाहायचा खर्च बोटीच्या किमतीत बसत नाही. अपवाद असतील. मी पाहिलेले दोन.

इंजिनाबद्दल तुम्ही सर्वांत जास्त विचारलं आहे आणि त्याचीच मला सर्वांत कमी चिंता आहे. मूळचं पेट्रोल इंजिन केव्हाच गेलेलं असेल. त्या जागी गार्डनर कंपनीचं डिझेल इंजिन असेल तर उत्तम, पर्किन्स किंवा बीएमसी असेल तरी सुटे भाग मिळतात. इंजिन क्रेनने उचलून दुरुस्त होतं, बदलतं. फक्त एक्झॉस्टच्या नळीवरचं जुनं वेष्टण ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, त्याला नुसत्या हाताने लावू नका आणि मुलीला त्या खोलीत नेऊ नका.

पैसे. ४२ फूट म्हणजे १२.८ मीटर. दक्षिण किनाऱ्यावर मरीनात, म्हणजे बोटी भाड्याने बांधून ठेवायच्या बंदरात, मीटरला वर्षाचे ६०० पौंड धरा, म्हणजे ७,६८० झाले. नदीत वर, बोयाला बांधलीत तर बरेच कमी, पण मग होडीतून ये-जा. वर्षातून एकदा बाहेर काढणं, तळ घासणं, रंगवणं, तुम्ही स्वतः हात काळे केलेत तरी हजार-दीड हजार. लाकडी बोटींचं काम जाणणारा सुतार तासाला ५५ पौंड आणि वर व्हॅट धरला तर आठ तासांच्या दिवसाचे ५२८ होतात. दहा बरगड्या आणि चार फळ्या म्हणजे एका माणसाचं तीन आठवड्यांचं काम, १५ दिवसांचे ७,९२०, लाकूड वेगळं. आणि लाकडाचीही आता गंमत झाली आहे. २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारच्या सरकारी लाकूड महामंडळावर ब्रिटनने निर्बंध घातले, त्यामुळे बर्मी सागाची नवी फळी सरळ मार्गाने मिळणं फार अवघड झालं आहे. इरोको किंवा सापेले ही आफ्रिकी लाकडं वापरावी लागतात, नाही तर एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेतली जुनी सागवानी टेबलं कोणी मोडतंय का याच्यावर डोळा ठेवावा लागतो. मी गंमत करत नाही, आम्ही खरंच ठेवतो.

हे सगळं मिळून, बोट बरी निघाली तर वर्षाला पंधरा-सोळा हजार पौंड बाजूला ठेवायची तयारी हवी. ‘किमतीच्या दहा टक्के’ हा जो हिशोब लोक सांगतात तो नव्या प्लास्टिकच्या बोटींचा. जुन्या बोटीची किंमत कमी झालेली असते, लांबी नाही. खर्च लांबीवर होतो. ३८,००० ही किंमत स्वस्त वाटते ती म्हणूनच : पुढचा खर्च ज्याला माहीत आहे तो विकणारा आहे.

तरी घ्यायचीच असेल, आणि तुमच्या पत्राचा सूर पाहता तुम्ही घेणार, तर क्रम असा ठेवा. ‘सर्व्हेच्या अधीन’ अशी लेखी ऑफर द्या, अनामत रक्कम परत मिळण्याची अट त्यात स्पष्ट असू द्या. सर्व्हेअर तुमचा, ब्रोकरने सुचवलेला नव्हे, आणि लाकडाचा. प्लास्टिकच्या बोटी पाहणारा ओल मोजायचं यंत्र घेऊन येईल; ते लाकडी हलवर जवळपास निरुपयोगी आहे. आमचं सामान म्हणजे एक छोटी हातोडी, एक टोच्या आणि कान. निदान दोन कील-बोल्ट आणि तळातले सहा स्क्रू काढून पाहायची परवानगी मालकाकडून आधीच लिहून घ्या. तो नाही म्हणाला तर सर्व्हेची फी वाचली. विमा कंपनीला सर्व्हेच्या आधी फोन करा. बऱ्याच जणांना एवढ्या जुन्या लाकडी बोटीचं नाव काढलेलं चालत नाही, आणि ज्यांना चालतं ते बाहेर काढून केलेला ताजा सर्व्हे आणि त्यातल्या शिफारशी पूर्ण केल्याचा पुरावा मागतात. विमा नाही तर मरीनात जागा नाही. टेम्सवर नेणार असाल तर दर चार वर्षांचं सुरक्षा प्रमाणपत्रही लागेल.

सिल्व्हरच्या यार्डाची बोट असेल तर मूळ बांधणी चांगली असणार. जॉन बेन यांच्या आराखड्यांच्या त्या बोटी त्या काळातल्या उत्तम मोटर यॉटमध्ये गणल्या जातात, आणि अशी धडधाकट राहिलेली बोट मिळाली तर तुमचा मला हेवा वाटेल. पण ३८,००० ला नाही. काळा डाग, तीन वर्षं जमिनीवर, बिलांचा पत्ता नाही, एवढ्यावर मी वीसच्या वर बोलणार नाही, तेही बोल्ट पाहून झाल्यावर.

सर्व्हे ठरवायच्या आधी एकदा तुम्ही दोघंच जा. मुलीला नेऊ नका, ती चाकाला हात लावेल आणि तुमची सौदा करायची ताकद संपेल. जुने कपडे, टॉर्च आणि एक कोरडा पंचा न्या. ब्रोकर शनिवारची, ऊन असलेली वेळ देईल. त्याला म्हणा, आम्हाला दोन दिवस सलग पाऊस पडल्यानंतर यायचं आहे, आणि आदल्या दिवशी ताडपत्री काढून ठेवा. मग व्हीलहाउसमधल्या त्या डाव्या खिडकीखालची गादी उचला आणि पंचा लाकडावर दाबून धरा. तो कारण विचारेल. सांगा, आमच्यात खरेदीला पाऊस शुभ मानतात.